जुनी गाठ अजून सुटते

डेबियन लिनक्स या संगणक-प्रणालीचं कुठलंही पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअर बांधून आणणारी 'डेब' फाइल, घ्या आणि तिचे पहिले ८ बाइट पाहा. उद्गारचिन्ह, कोनी कंसात 'आर्च' आणि ओळ संपल्याची खूण. ही अनेक फाइली एकत्र बांधणाऱ्या 'एआर' या साधनाची ओळख, आणि एआर १९७१ च्या पहिल्या युनिक्स प्रणालीपासून चालत आलंय. आत मुख्य गोष्टी तीनच : 'डेबियन-बायनरी' नावाची इवलीशी फाइल, पॅकेजची माहिती असलेली टार (तीही फाइलींचं एक गाठोडंच) आणि प्रत्यक्ष सॉफ्टवेअरची टार. त्या इवल्याशा फाइलमध्ये फक्त '२.०' लिहिलेलं असतं, म्हणजे डेबच्या साच्याची आवृत्ती.

त्याआधीचं डेब वेगळं होतं. पहिल्या ओळीत ०.९३९०००, दुसऱ्या ओळीत पहिली टार किती बाइटची ते, आणि पुढे दोन्ही टार एकामागोमाग. अशी फाइल आजच्या डीपीकेजीसमोर, म्हणजे पॅकेजं बांधणाऱ्या आणि बसवणाऱ्या डेबियनच्या प्रोग्रॅमसमोर, ठेवली तरी तो ती उघडतो. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण ते आपोआप घडत नाही. डीपीकेजी नवा साचा आधी वाचायला शिकला. आपणहून त्या साच्यात पॅकेज बांधणं नंतरच्या आवृत्त्यांत आलं. क्रम उलटा असता तर अडलंच असतं : नवा डीपीकेजीही पॅकेजातूनच येतो, आणि ते पॅकेज जुन्याला उघडता आलं पाहिजे.

पुढच्या बदलांची सोयही तेव्हाच लिहून ठेवली आहे. साच्याच्या आवृत्तीतला टिंबापुढचा आकडा वाढला तर काम चालू ठेवा, टिंबाआधीचा बदलला तर थांबा. सॉफ्टवेअरच्या टारआधी अंडरस्कोरने सुरू होणारं अनोळखी काही दिसलं, तर ते बाजूला ठेवून पुढे जा.

टारचं शहाणपण त्याहून जुनं. १९७९ च्या सातव्या युनिक्सबरोबर ते आलं, चुंबकी टेपसाठी. प्रत्येक फाइलपुढे तिचं नाव, आकार अशा नोंदींचं ५१२ बाइटचं शीर्ष असतं. मूळ टारने त्यातले २५७ वापरले आणि उरलेले रिकामे ठेवले. १९८८ च्या पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकातल्या 'युस्टार' या सुधारित टारने नव्या नोंदी त्याच रिकाम्या जागेत बसवल्या. फाइलचा आकार लिहायची तऱ्हाही बघण्यासारखी आहे. तो ऑक्टलमध्ये, म्हणजे फक्त ० ते ७ हे अंक वापरून, साध्या अक्षरांत लिहितात : १००० बाइटची फाइल असेल तर ०००००००१७५०. अशा ११ अंकांत ८ गिबीबाइटपर्यंतच (सुमारे ८.६ अब्ज बाइट) मजल जाते. मोठ्या फाइलींसाठी ग्नू टार या टारच्या मुक्त आवृत्तीने त्या रकान्याच्या पहिल्या बाइटचा सर्वांत वरचा बिट १ केला. अंकांच्या अक्षरांत तो बिट कधीच १ नसतो, त्यामुळे जुनी नोंद कुठली आणि नवी कुठली यात गल्लत होत नाही.

तरी एक वाट बंद राहतेच : जुन्या साधनाला फाइल दाबून लहान करण्याची उद्याची पद्धत कळणार कशी? उबुंटू या डेबियनवर उभ्या असलेल्या लिनक्सच्या २१.१० आवृत्तीपासून तिथली पॅकेजं झेडस्टँडर्ड या नव्या पद्धतीने दाबली जाऊ लागली. डेबियन ११ च्या डीपीकेजीला ती पद्धत येत नव्हती. आवृत्ती तीच, २.०, पण आतल्या टारशी पोचताच 'अनोळखी दाब' म्हणून तो थांबायचा. बाहेरचं एआर मात्र तिथेही सुटत होतं. म्हणून लोकांनी ते हाताने सोडवलं, आतल्या दोन्ही टार उलगडून एक्सझेड या डीपीकेजीला येणाऱ्या पद्धतीने पुन्हा दाबल्या, एआरनेच गाठ मारली, आणि त्याच डीपीकेजीने ते पॅकेज बिनतक्रार बसवलं.