२५५ टाकले तरी खुर्ची सुटत नाही

राउटरची, म्हणजे नेटवर्कमधील डेटाची वाट ठरवणाऱ्या यंत्राची, प्रायॉरिटी (प्राधान्याचा आकडा) सर्वांत जास्त ठेवली की तो लगेच प्रमुख होतो, हा नेटवर्किंग शिकणाऱ्यांमध्ये नेहमी आढळणारा गैरसमज आहे. ओएसपीएफ या, राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याच्या प्रोटोकॉलमध्ये (नियमावलीत) तसे होत नाही, आणि ते का होत नाही हाच त्यातला मला सर्वाधिक आवडणारा भाग आहे.

एका स्विचला दहा राउटर जोडले आहेत असे समजा. प्रत्येकाने प्रत्येकाशी नेटवर्कचा नकाशा जुळवायचा म्हटले तर ४५ जोड्या होतात. म्हणून त्यांच्यातून एक प्रमुख, म्हणजे डीआर, आणि एक उपप्रमुख, म्हणजे बीडीआर, निवडला जातो. उरलेले आठ जण केवळ या दोघांशी नकाशा जुळवतात आणि जोड्या १७ वर येतात. प्रायॉरिटी ० ते २५५ असते आणि ती राउटरच्या प्रत्येक इंटरफेसवर, म्हणजे जोडणीच्या तोंडावर, वेगळी देता येते. सिस्को कंपनीच्या राउटरवर ती मुळात १ असते. बरोबरी झाल्यास मोठा राउटर आयडी, म्हणजे राउटरचा ओळख-क्रमांक, जिंकतो.

आता खरी गंमत. अशा स्विचवर राउटर सहसा दर दहा सेकंदांनी ‘हेलो’ पॅकेट पाठवतो आणि त्यात स्वतःच्या प्रायॉरिटीबरोबरच आपण कोणाला डीआर व बीडीआर मानतो हेही सांगतो. नवा राउटर सुरू झाल्यावर जास्तीत जास्त ४० सेकंद या दोन्ही जागा कोऱ्या ठेवून नुसता ऐकत राहतो. १९९८च्या आरएफसी २३२८ या ओएसपीएफच्या मानक दस्तऐवजातील नियमानुसार डीआर निवडताना, जे स्वतःला आधीच डीआर म्हणवतात त्यांच्याच प्रायॉरिटीची तुलना होते. तसे कोणीच नसेल तर बीडीआर वर चढतो. नवागताने काहीच म्हटलेले नसल्यामुळे त्याचे २५५ तुलनेत उतरतच नाही. स्विचचे दोन तुकडे पडून पुन्हा जुळले आणि दोन डीआर समोरासमोर आले, तरच तिथे आकडा निर्णायक ठरतो. हा आडमुठेपणा मुद्दाम ठेवलेला आहे, कारण डीआर बदलला की सर्वांना नव्या डीआरशी जुळवून घ्यावे लागते.

त्यामुळे वीज गेल्यानंतर मिनिटभर आधी सुरू झालेला जुनाट राउटर खुर्ची पटकावतो आणि २५५ हा आकडा रॅकला बांधलेल्या लिंबू-मिरचीइतकाच उपयोगी ठरतो. मग डीआरवर ‘क्लियर आयपी ओएसपीएफ प्रोसेस’ ही ओएसपीएफ नव्याने सुरू करणारी आज्ञा द्यावी, तर बीडीआर डीआर होतो आणि आपला लाडका राउटर फक्त बीडीआर. तीच आज्ञा नव्या डीआरवर पुन्हा द्यावी लागते. नको असलेल्यांना शून्य देऊन उमेदवारीतून बाद करणे अधिक खात्रीचे. मात्र चुकून सर्वांनाच शून्य दिले, तर डीआर कोणीच होत नाही, शेजारी एकमेकांना दिसत राहतात आणि मार्गांची एकही नोंद पलीकडे पोहोचत नाही.