ऑरगॅनिक चहा आणि फेअरट्रेड चहा एकच नाही बरं का

नागपुरात धरमपेठेकडे आता गिफ्ट पॅकवाला चहा ठेवणारी दुकानं झालीत, तिथे दार्जिलिंगचा डबा हातात घेतला की त्यावर एखादा हिरवा शिक्का असतो, नाहीतर निळा-हिरवा गोल, आणि घेणारा म्हणतो चला, बिनाविषाचा आहे, मजुरांनाही बरे पैसे मिळत असतील. इथेच घोळ होतो. ऑरगॅनिकवाला जमीन आणि फवारणी तपासतो, फेअरट्रेडवाला मुख्यतः सौदा तपासतो, म्हणजे माल कोणत्या अटींवर विकला गेला ते. एक शिक्का आहे म्हणून दुसरी गोष्ट आपोआप आली असं धरून चालू नका.

ऑरगॅनिकचं समजायला सोपं आहे. रासायनिक खत नाही, कृत्रिम कीटकनाशक नाही, आणि चहासारख्या बारमाही झाडाला रूपांतराची 3 वर्षं काढावी लागतात, तोवर मेहनत ऑरगॅनिकची आणि भाव मात्र साधाच. तण हातानं काढायचं, कीड आली तर निंबोळीसारख्या गोष्टींवर भागवायचं, उत्पन्न बहुतेक वेळा घटतं, म्हणून डबा महाग. भारतात निर्यातीसाठी एनपीओपीचं (केंद्र सरकारचा ऑरगॅनिक मालाचा कार्यक्रम) सर्टिफिकेट लागतं, त्यात बाहेरची संस्था येऊन तपासते. दुसरी पद्धत पीजीएस, तिच्यात गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात, ती देशातल्या विक्रीपुरती (आपल्याकडच्या जैविकवाल्यांना ही माहीत असेल, केंद्राचं जैविक शेतीचं प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे). एफएसएसएआयचे, म्हणजे खाण्याच्या मालावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, ऑरगॅनिकचे नियम 2017 चे, ऑरगॅनिक मालावरचा जैविक भारतचा लोगो त्यातूनच आला.

आता यात पत्ती तोडणाऱ्या बाईला काय मिळालं? विषारी फवारणीतून सुटका मिळाली, आणि ती लहान गोष्ट नाही. पण मजुरी? आपल्याकडचा कापूसच बघा ना. मालकाचा कापूस ऑरगॅनिक झाला म्हणून वेचणीचा किलोमागचा दर वाढत नाही, दर गावात जो चालू आहे तोच. चहाच्या मळ्यातही तसंच.

फेअरट्रेडची सुरुवात 1988 ला नेदरलँड्समध्ये झाली, मेक्सिकोच्या छोट्या शेतकऱ्यांच्या कॉफीवर पहिला शिक्का लागला, मग वेगवेगळ्या देशांच्या संस्था 1997 मध्ये एकत्र आल्या. यात दोन पैसे वेगळे असतात आणि लोक हेच एकात एक मिसळतात. एक किमान भाव, म्हणजे बाजार कोसळला तरी ज्या मालाला असा भाव ठरलेला आहे त्याला त्याच्या खाली घ्यायचं नाही. दुसरा प्रीमियम, म्हणजे भावाच्या वर किलोमागे द्यायची जास्तीची रक्कम. छोट्या शेतकऱ्यांची संस्था असेल तर प्रीमियमचं काय करायचं हे संस्था ठरवते. पण मोठ्या मळ्यात भाव मिळतो तो मळ्याच्या मालकाला, आणि प्रीमियम जातो कामगारांनी निवडलेल्या समितीकडे, तिथून मग शाळेची फी, गॅस, घराची दुरुस्ती, पाण्याची सोय असा खर्च होतो, काही मर्यादेपर्यंत रोखही वाटता येतो. म्हणजे तुम्ही डब्याला जे जास्तीचे पैसे मोजले ते रोजच्या हजेरीत, म्हणजे मजुरीत, जात नाहीत.

हजेरी ठरते वेगळीकडेच. आसामात ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात ऑक्टोबर 2023 पासून दिवसाचे 250 रुपये ठरले, बराक खोऱ्यात 228. सरकार, मालकांच्या संघटना आणि युनियन यांच्या ओढाताणीत हा आकडा निघतो, शिक्क्याचा त्यात फारसा हात नसतो. मालक लोक म्हणतात की रोखीशिवाय घर, दवाखाना, रेशन, पाळणाघर पण देतो, पण घर-दवाखाना-पाळणाघर तर 1951 च्या मळा कामगार कायद्यानंच त्यांच्यावर टाकलेलं होतं, ती काही मेहरबानी नाही. मला विचाराल तर प्रीमियमच्या पैशातून कुठे संडास किंवा नळ झाला असं वाचलं की आधी हे बघावं की ते काम मालकाचं होतं की समितीचं.

आणखी एक भानगड आहे. शिक्का मिळालेला मळा आपला सगळा चहा फेअरट्रेड म्हणून विकू शकत नाही, तेवढं गिऱ्हाईकच नसतं, बऱ्याच ठिकाणी थोडाच भाग त्या अटींवर जातो आणि बाकीचा साध्या लिलावात. प्रीमियम फक्त त्या थोड्या भागावर. त्यामुळे मळ्याच्या गेटवर बोर्ड असला तरी समितीच्या खात्यात किती पडलं हे विक्रीवर आहे.

मिसळण्याचा नियमही दोन्हीकडे वेगळा. ऑरगॅनिक पत्ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वेगळी ठेवावी लागते, साध्या पत्तीत मिसळली की संपलं. फेअरट्रेडमध्ये चहाला हिशेबाची पद्धत चालते, म्हणजे कंपनीनं जेवढा फेअरट्रेड चहा विकत घेतला तेवढाच शिक्क्याखाली विकायचा, पण कारखान्यात तो दुसऱ्या चहात मिसळलेला असू शकतो. लोगोशेजारी बारीक बाण दिसला तर डबा उलटा करून मागचं वाचा, तिथे सांगितलेलं असतं. ऐकायला फसवणूक वाटते, पण पैसा मळ्यापर्यंत गेलेला असतो, आणि छोट्या उत्पादकांसाठी वेगळी मशीन लाइन चालवणं परवडत नाही हेही खरं.

फेअरट्रेडमध्ये काही घातक औषधांवर बंदी आहे, पण रासायनिक खत चालतं, म्हणून त्याला बिनाविषाचा समजू नका. दोन्ही शिक्के एका डब्यावर असू शकतात, तेव्हा दोन्ही तपासण्या झाल्यात एवढाच अर्थ. आणि चवीचा यातल्या कशाशीच संबंध नाही, दार्जिलिंगची असली पत्ती दूध-अद्रक घालून टपरीसारखी उकळली तर पैसे वाया गेले समजा बाप्पा.

इतवारीतून खुली सीटीसी, म्हणजे दाणेदार चहापत्ती, घेणाऱ्यांना यातलं काहीच दिसणार नाही, तिथे मळ्याचं नावसुद्धा नसतं. पॅकेटवाल्या चहावर कधी ट्रस्टीचा (trustea) शिक्का दिसेल, ती 2013 ला सुरू झालेली इथल्याच चहा उद्योगाची तपासणी, त्यात मजुरांची सुरक्षितता वगैरे बघतात पण किमान भाव किंवा प्रीमियम नाही. आणि नुसतं "एथिकल", "नॅचरल", "थेट मळ्यातून" असं छापलेलं असेल तर दुकानदाराला एवढंच विचारा की हे तपासलं कोणी, बहुतेक वेळा तो तुम्हाला नवीन फ्लेवर दाखवायला लागतो.