बक बेकर
बेकर, बक : (४ मार्च १९१९ – १४ एप्रिल २००२). अमेरिकन स्टॉक कार शर्यतपटू व प्रशिक्षक. पूर्ण नाव एल्झी वायली बेकर. जन्म साउथ कॅरोलायना राज्यातील रिचबर्ग येथे. शर्यतीत उतरण्यापूर्वी ते बसचालक होते.

‘स्टॉक कार’ म्हणजे मुळात शोरूममधून विकत घेतलेली साधी मोटार. १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे नॅसकार या स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या अमेरिकन संस्थेची अशा गाड्यांची पहिली शर्यत झाली, तीत बेकर धावले. पुढे गाडीच्या आत चालकाच्या रक्षणासाठी लोखंडी पिंजरा आला, इंजिने बदलली, नाव मात्र तेच राहिले. १९५६ आणि १९५७ अशी सलग दोन वर्षे ते विजेते ठरले. नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत असे लागोपाठ विजेतेपद मिळवणारे ते पहिलेच. १९५६ मध्ये ते कार्ल कीकहेफर या धनाढ्य कारखानदाराच्या संघाकडून धावत होते, त्यामुळे ते यश संघाच्या पैशाचे, असेही म्हणता आले असते. दुसऱ्याच वर्षी त्या संघाशिवाय, शेवरोले गाडीवर विजेतेपद राखून त्यांनी ही शंका मिटवली. डार्लिंग्टनची अवघड ‘सदर्न ५००’ शर्यत त्यांनी १९५३, १९६० आणि १९६४ मध्ये जिंकली. शेवटच्या वेळी वय होते ४५. सर्वोच्च मालिकेत त्यांचे एकूण ४६ विजय आहेत.

१ डिसेंबर १९६३ ची जॅक्सनविलची शर्यत या विजयांत धरली जात नाही आणि धरली जाऊही नये. त्या दिवशी बेकरना विजेते घोषित करून चषक देण्यात आला. प्रत्यक्षात पुढे होते वेंडेल स्कॉट हे कृष्णवर्णीय चालक. फेऱ्यांची मोजणी पुन्हा झाली व विजय स्कॉट यांच्या नावे लागला, पण तोवर प्रेक्षक घरी गेले होते. स्कॉट यांच्या हयातीत त्यांना त्या विजयाचा चषक सन्मानाने मिळाला नाही. नॅसकारने तो त्यांच्या कुटुंबीयांना दिला २०२१ मध्ये.

निवृत्तीनंतर, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस, बेकर यांनी नॉर्थ कॅरोलायनातील रॉकिंगहॅमच्या धावपट्टीवर चालकांसाठी शाळा काढली. त्यांच्या पिढीला असे कोणी शिकवले नव्हते; गावोगावच्या मातीच्या मैदानांवर ठेचा खात ती तयार झाली. रॉकिंगहॅमची जागा शिकण्यासाठी कठीण, आणि म्हणूनच चांगली. सुमारे एक मैलाची ही लंबवर्तुळाकार धावपट्टी वाळूच्या प्रदेशात आहे. तेव्हा तिचा पृष्ठभाग खरबरीत असल्याने टायर झपाट्याने झिजत व पकड दर काही फेऱ्यांनी बदलत असे. वळणे तिरपी उचललेली आहेत. अशा वळणावर वजनदार गाडी नेताना खरी परीक्षा पायाची असते : ॲक्सिलरेटरवरून पाय कुठे उचलायचा आणि पुन्हा किती हळुवार दाबायचा. मागची चाके घसरू लागली तर गाडी ‘लूज’, पुढची चाके वळायला तयार नसली तर ‘टाइट’. नवख्याला हा फरक आधी कमरेला जाणवावा लागतो, शब्द नंतर सुचतात. तो नेमका सांगता आला तरच मेकॅनिकला गाडी दुरुस्त करता येते.

१९९० मध्ये विशीही न गाठलेला जेफ गॉर्डन या शाळेत आला. तोवर तो आखूड धावपट्ट्यांवर हलक्या, उघड्या चाकांच्या गाड्या चालवत होता. इथे स्टॉक कारमध्ये बसल्यावर हेच आपले क्षेत्र, असे त्याने ठरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो रॉकिंगहॅमलाच नॅसकारच्या दुय्यम मालिकेत उतरला. पुढे त्याने सर्वोच्च मालिकेची चार विजेतेपदे आणि ९३ शर्यती जिंकल्या. बेकर यांच्या स्वतःच्या विजयांच्या दुपटीहून हा आकडा मोठा आहे, आणि शिक्षक म्हणून त्यांची थोरवी त्यातच दिसते.

मुलगा बडी बेकर यानेही हाच पेशा पत्करला. मार्च १९७० मध्ये टॅलाडेगा येथे चाचणीत ताशी २०० मैलांचा वेग ओलांडून आणि १९८० ची ‘डेटोना ५००’ ही नॅसकारची सर्वांत मानाची शर्यत जिंकून त्याने स्वतःचे नाव केले. २०१३ मध्ये बक बेकर यांचा नॅसकारच्या हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या सन्मान दालनात) मरणोत्तर समावेश झाला. २०२० मध्ये बडीचाही झाला.