६० चे मूळ अवयव: चार की सात?

शाळेत ६० चे मूळ अवयव पाडले की २ × २ × ३ × ५ असे चार मिळतात आणि गणित तिथेच संपतं. पण उणे एकचं वर्गमूळ, म्हणजे ‘आय’, हाताशी घेतलं आणि ३ + २आय यासारख्या संमिश्र संख्यांनाही पूर्णांक मानलं, तर त्याच ६० चे सात मूळ अवयव निघतात. (मराठीत यांना सदसत् संख्या असंही म्हणतात. सत् आणि असत् दोन्ही पोटात घेणारं हे नाव मला फार आवडतं.)

ही गोष्ट सुरू होते ६५ पासून. साधारण तिसऱ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या डायोफँटसने नोंदवून ठेवलंय की ६५ ही दोन वर्गांची बेरीज दोन तऱ्हांनी होते: ६४ + १ आणि ४९ + १६. कारणही त्याने दिलं. ६५ म्हणजे ५ × १३, आणि ५ व १३ हे दोन्ही स्वतः दोन वर्गांच्या बेरजा आहेत. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने याच जातीचा, पण बराच व्यापक नियम मांडला. आपल्याकडे तो ‘भावना’ म्हणून ओळखला जातो.

पुढे फ्रेंच गणितज्ञ फर्माने २५ डिसेंबर १६४० रोजी मर्सेनला लिहिलेल्या पत्रात सांगितलं की ज्या मूळ संख्येला ४ ने भागून बाकी १ उरते, ती नेहमी दोन वर्गांची बेरीज असते. सिद्धता मात्र त्याने दिली नाही. ती ऑयलरने १७४९ पर्यंत पुरी केली.

जर्मन गणितज्ञ गाउसला खरं तर चौथ्या घातांचे नियम शोधायचे होते. साध्या पूर्णांकांत ते नीट बसेनात, म्हणून त्याने पूर्णांकांचं अंगणच मोठं केलं. १८३१ मध्ये ग्योटिंगेनला सादर केलेल्या आणि १८३२ मध्ये छापलेल्या निबंधात त्याने संमिश्र पूर्णांकांचं अंकगणित उभं केलं आणि तिथेही मूळ अवयव एकाच तऱ्हेने पडतात हे सिद्ध केलं. या संख्यांभोवतीचं गूढ नावांमुळे आहे, असंही त्याने त्या वेळी बजावलं: धन, ऋण, काल्पनिक याऐवजी थेट, उलट आणि बाजूचं एकक म्हटलं असतं, तर कुणी बिचकलं नसतं.

आता ६५ पुन्हा उघडून पाहा. ५ = (२ + आय)(२ − आय) आणि १३ = (३ + २आय)(३ − २आय). ५ मधला एक तुकडा १३ मधल्या एकाशी जोडला की ४ + ७आय मिळतं, दुसऱ्याशी जोडला की ८ − आय. दोन्हींतल्या आकड्यांचे वर्ग करून बेरीज केली की १६ + ४९ आणि ६४ + १! डायोफँटसची दोन उत्तरं म्हणजे चार मूळ अवयवांच्या दोन जोड्या. हे पहिल्यांदा कागदावर स्वतः करून पाहावं, सांगून त्याची मजा कळत नाही.

मोजणीचा नियम इथूनच निघतो. ४ ने भागून बाकी १ उरणारी मूळ संख्या दोन वेगळ्या अवयवांत फुटते. बाकी ३ उरणारी फुटत नाही, कारण फुटायला ती दोन वर्गांची बेरीज असावी लागते आणि वर्गाला ४ ने भागलं की बाकी ० किंवा १ उरते. दोन वर्गांच्या बेरजेत बाकी ३ येणारच नाही. २ चं वागणं निराळं: ती (१ + आय)(१ − आय) अशी फुटते खरी, पण १ − आय म्हणजे १ + आय ला उणे आय ने गुणलेलंच. जसे आपण ३ आणि −३ वेगळे मोजत नाही, तसेच १, −१, आय, −आय यांच्या गुणाकाराने बदललेले अवयवही वेगळे मोजायचे नाहीत. म्हणून ६० मधल्या दोन २ चे चार अवयव, ३ चा एक, ५ चे दोन. एकूण सात, पण प्रकार चारच.

१८४७ मध्ये पॅरिसला गणितज्ञ लामेने आणखी मोठ्या संमिश्र अंगणातही अवयव एकाच तऱ्हेने पडतात असं धरून फर्माचं शेवटचं प्रमेय (दोन घनांची बेरीज घन होत नाही, दोन चौथ्या घातांची चौथा घात होत नाही, आणि असंच पुढे) सुटल्याचं जाहीर केलं. लिउव्हिलने तिथल्या तिथे शंका काढली. कुमरने तर १८४४ मध्येच ही समजूत चुकीची ठरवली होती.

आणि सरासरीचं काय? १९१७ मध्ये हार्डी आणि रामानुजन यांनी दाखवलं की ‘न’ या संख्येला बहुधा ‘न’च्या लॉगच्या (लॉगरिदमच्या) लॉगइतके वेगवेगळे मूळ अवयव असतात. डिरिश्लेच्या १८३७ च्या कामातून पुढे कळलं होतं की बाकी १ आणि बाकी ३ वाल्या मूळ संख्या निम्म्या-निम्म्या वाटल्या जातात. निम्म्या दोन देतात, निम्म्या एक. त्यामुळे गाउसच्या अंगणात तीच मोजणी दीडपट भरते.