स्वालबार्डच्या उत्तर किनाऱ्यावर जायचंय? आधी व्हिसावरचा आकडा पाहा

१९२० च्या पॅरिस करारानुसार आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड द्वीपसमूहावर सत्ता नॉर्वेची आहे, पण तिथे उतरायला व्हिसा लागत नाही. एवढंच वाचून तिकीट काढू नका. तिथल्या मुख्य गावाची, लाँगयिअरब्येनची, विमानं ऑस्लो आणि ट्रॉम्सोहून सुटतात, आणि भारतीय पासपोर्टवर ही वाट शेंगेन व्हिसाशिवाय, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामायिक व्हिसाशिवाय, पार होत नाही. स्वालबार्ड शेंगेनबाहेर आहे. जाताना तुम्ही शेंगेन सोडता, परतताना पुन्हा आत येता. म्हणून दोन किंवा अनेक प्रवेशांचाच व्हिसा हवा. एकाच प्रवेशाचा असेल तर परतीला अडकाल.

अर्ज नॉर्वेच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा. प्रौढांचं शुल्क ९० युरो. अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस केंद्राचा सेवाआकार वेगळा. मग अपॉइंटमेंट घेऊन बोटांचे ठसे आणि कागद द्यायचे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, कधी ४५ सुद्धा, त्यामुळे उन्हाळ्याच्या गर्दीत अगदी शेवटपर्यंत थांबणं धोक्याचं.

पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला हवा. सोबत फोटो, बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, नोकरदारांना रजेचं पत्र, बुकिंग आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. विमापत्रात स्वालबार्डचा समावेश आहे ना, हे नक्की तपासा. फक्त शेंगेनपुरता विमा तिथे कामाचा नाही. अर्जासोबतच्या पत्रात दोन प्रवेश का हवेत ते स्पष्ट लिहा आणि लाँगयिअरब्येनची जाण्यायेण्याची तिकिटं जोडा. स्टिकर हाती आल्यावर प्रवेशसंख्येच्या रकान्यात ०१ दिसलं, तर केंद्रातून निघण्याआधीच विचारा.

उत्तरेकडचा किनारा बहुतेक जण जहाजानेच पाहतात, आणि आमच्या मते पहिल्या खेपेला तेच शहाणपणाचं. परवानग्या कंपनी काढते. स्वतंत्रपणे जाणाऱ्यांना, स्पिट्सबर्गेन या मुख्य बेटाच्या मध्यभागातला १० क्रमांकाचा व्यवस्थापन विभाग ओलांडायचा असेल, तर स्वालबार्डच्या राज्यपाल कार्यालयाला आधी कळवावं लागतं आणि शोध-बचावाचा खर्च भागवणारा विमा किंवा बँक हमी द्यावी लागते. वस्तीबाहेर अस्वलांना पळवून लावायचं साधन सक्तीचं आहे. रायफल भाड्याने घ्यायची तर, शस्त्रपरवाना नसल्यास, राज्यपालांची परवानगी आधी लागते.

२०२५ पासून हिमअस्वलापासून ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर राखणं बंधनकारक आहे. संरक्षित क्षेत्रांत जहाजावर २०० पेक्षा जास्त प्रवासी चालत नाहीत, आणि उतरता येतं ते ठरवून दिलेल्या ४३ जागीच. कंपनीकडे पैसे भरण्यापूर्वी त्यांच्या कार्यक्रमातल्या जागा त्या यादीत आहेत का, ते विचारून घ्या.