मिठालाही वापसा लागतो: बॉनविलच्या ट्रॅकमागचा इतिहास

सोलापूरकराला ऊन काही वेगळं सांगायला नको, त्यामुळं मिठाच्या मैदानावर गाड्या पळवतात म्हणलं की आपल्याला वाटतं, जितकं ऊन कडक तितका ट्रॅक भारी. मलाही लय वर्षं असंच वाटायचं. पण अमेरिकेत युटामधल्या बॉनविलला ऑगस्टमधे भरणारा स्पीड वीक (गाड्या पळवून वेगाचे विक्रम करायचा आठवडा) २०१४ आणि २०१५ ला लागोपाठ रद्द झाला, २०२२ ला मैदानात पाणी साचलं म्हणून परत रद्द, तेव्हा मागचं मागचं वाचत गेलो आणि कळलं की हा ट्रॅक नुसत्या उन्हानं बनत नाही, त्याला आधी पाणी लागतं.

हे डोक्यात शिरायला मामाचं मोहोळकडचं रान उपयोगी पडलं. उसाला वर्षानुवर्षं पाणी देऊन बांधाकडचा पट्टा क्षारपड झालाय, उन्हाळ्यात तिथं पांढरा थर येतो, बोटानं उचलला की पिठासारखा, जिभेला लावला तर खारट-कडू. पाणी खालचा क्षार विरघळवून वर आणतं, उडून जातं, क्षार तिथंच बसतो. बॉनविलला असंच, फक्त अवाढव्य. हिमयुगात तिथं प्रचंड सरोवर होतं, ते आटलं आणि मीठ राहिलं. आता दर हिवाळ्यात मैदानावर उथळ पाणी थांबतं, वरचं मीठ त्यात विरघळतं, वारा ते पाणी इकडून तिकडं ढकलत राहतो, आणि उन्हाळ्यात पाणी उडालं की सपाट, कडक, नवा थर तयार.

अडचण सगळी वेळेची. हिवाळ्यात पाणी कमी पडलं तर जुन्या चाकोऱ्या भरून येत नाहीत, आणि ऐन उन्हाळ्यात जोराचा पाऊस झाला तर मीठ मऊ पडतं, खालचा चिखल वर येतो. पेरणीआधी आपला शेतकरी मूठभर माती दाबून वापसा बघतो ना, तसंच आहे हे. थरात जराशी ओल मात्र चांगलीच, टायर थंड राहतात.

त्या चिखलाचा पहिला मोठा फटका गाड्यांना नाही, बैलांना बसला. १८४६ ला कॅलिफोर्नियाकडं वस्तीला निघालेल्या डोनर पार्टी नावाच्या तांड्याच्या बैलगाड्या याच भागातल्या मिठाखालच्या चिखलात रुतल्या. पुढं १९१४ ला टेडी टेट्झलाफनं इथं ब्लिट्झन बेंझ ही रेसची गाडी पळवली, १९३५ ला माल्कम कॅम्पबेल ताशी ३०० मैलांच्या पुढं गेला, आणि १९४९ पासून स्पीड वीक सुरू झाला. विक्रमांच्या तारखा बघा: कॅम्पबेल ३ सप्टेंबर, बर्ट मन्रोची जुनी इंडियन मोटरसायकल २६ ऑगस्ट १९६७, गॅरी गॅबेलिचची रॉकेटवर चालणारी गाडी ब्लू फ्लेम (ताशी १००० किमीच्या वर!) २३ ऑक्टोबर १९७०. सगळं उन्हाळा सरताना, पुढचा पाऊस-बर्फ यायच्या आत. ऑस्ट्रेलियात ऋतू उलटे, म्हणून तिकडं लेक गेर्डनरला मार्चच्या आसपास रेस होते.

ऑस्ट्रेलियावरनं आठवलं, माल्कमचाच मुलगा डोनाल्ड, त्याची गोष्ट मला सगळ्यात लागते. कितीतरी वर्षं कोरड्या पडलेल्या लेक एअरवर तो १९६३ ला गाडी घेऊन गेला आणि तिथं पाऊस सुरू झाला, सगळं मैदान पाण्याखाली! परत १९६४ ला गेला, मीठ पूर्ण वाळलेलं नव्हतंच, चाकं थर कापत आत जायची, तरी १७ जुलैला त्यानं ताशी ४०३ मैल काढले. गाडी त्याहून बरंच जास्त पळायला बांधलेली होती.

बॉनविलला आता अजून एक दुखणं आहे. थर पातळ होत चाललाय. शेजारी पोटॅशसाठी चर खणून खारं पाणी बरीच वर्षं ओढलं गेलं, हवामानाचा वाटा किती आणि त्याचा किती यावर वाद चालू आहेत, पण पूर्वी १३ मैलांपर्यंत मिळणारा ट्रॅक अलीकडं ८ मैल मिळाला तरी लोक खूश होतात. म्हणून मग १९९७ ते २००२ या काळात हिवाळ्यात पंप लावून मिठाचं पाणी परत त्या मैदानावर सोडलं, पुढच्या उन्हाळ्यात ते वाळून थर जाड व्हावा म्हणून.