जंगलात गेलो पण काहीच दिसलं नाही, असं का होतं?

शहराला लागून असलेल्या जंगलात सकाळी दहाला पोचायचं, दोनेक तास फिरायचं आणि "काहीच दिसलं नाही यार" म्हणत परत यायचं, हे बहुतेकांचं होतं. पण प्राणी तिथेच असतात हो, फक्त त्यांचा दिवस आपण घरी गेल्यावर सुरू होतो.

२०१८ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये यावर मोठा अभ्यास आला होता. सहा खंडांतल्या ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांवर आधी झालेले ७६ अभ्यास एकत्र करून पाहिले, तर माणसांची वर्दळ असते तिथे प्राण्यांचा रात्रीचा वावर सरासरी १.३६ पट निघाला, म्हणजे जो प्राणी निम्मा वेळ दिवसा आणि निम्मा रात्री हिंडायचा तो आता ६८ टक्के रात्रीच हिंडतो. आणि यातली मला सगळ्यात लागलेली गोष्ट अशी की बंदूक घेतलेला शिकारी काय आणि पाण्याची बाटली घेऊन ट्रेकला गेलेले आपण काय, प्राणी दोघांनाही साधारण सारखंच टाळतात. आपल्याला वाटतं आपण नुसतं बघायला आलोय, त्यांना ते कुठून कळणार!

रात्रीचं त्यांना जमतं कसं? बिबट्या, हरीण, कोल्हा यांच्या डोळ्यात पडद्याच्या मागे टॅपेटम लुसिडम नावाचा चकचकीत थर असतो. पडद्यातून निसटलेला प्रकाश तो आरशासारखा परत पाठवतो, त्यामुळे अंधुक उजेडाचा दोनदा उपयोग होतो, आणि टॉर्च मारला की डोळे चमकतात ते यामुळेच. आपल्याकडे हा थर नाहीये. पण डोळे असले तरी दिवसा चरणाऱ्या प्राण्याने रात्री बाहेर पडायचं म्हणजे नेमकं शिकारी प्राण्यांच्या वेळेत पडायचं, ही किंमत आहेच.

म्हणून जायचं तर अगदी उजाडताना जा, हळू बोला, आणि मुख्य म्हणजे खाली बघत चाला. ओढ्याकाठच्या चिखलात ठसा दिसला तर आधी नखं शोधा. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो त्यामुळे त्याच्या ठशात सहसा नसतात, शिवाय त्याच्या तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात. चिखल ओला आहे आणि ठशाच्या कडा अजून धारदार आहेत? मग तो थोड्याच वेळापूर्वी इथूनच गेलाय.